शाळा ते प्रयोगशाळा: एका शिडीचा साठ वर्षांचा इतिहास

१/
१९६३ साली दिल्लीतील अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. पुढील शिक्षण मूलभूत विज्ञानातच घ्यावे ही अट होती. आणि विद्यार्थी त्या वाटेवर राहिला तर डॉक्टरेटपर्यंत शिष्यवृत्ती मिळत राहील हे आश्वासन. त्या दहा जणांपासून सुरू झालेली योजना पुढे ‘एनटीएसई’ या नावाने महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोहोचली. २०२१ पासून ती थांबलेली आहे. आजचा धागा तिच्याविषयी, आणि शाळकरी मुलामुलींना विज्ञानाकडे नेणाऱ्या वाटा कशा घडतात व कशा मोडतात याविषयी.

२/
आधी माझे म्हणणे मांडतो, मग पुरावे. ‘हुशार मूल आपली वाट आपण शोधते’ हा समज इतिहासात टिकत नाही. जिथे जिथे शाळेतून संशोधनाकडे जाणारी मुले मोठ्या संख्येने दिसतात, तिथे कोणीतरी तीन गोष्टींची सोय केलेली असते: पारख, पैसा आणि सोबत. आपल्याकडे या तिन्ही एकत्र आणणारी योजना एकदा आखली गेली होती. मग एकेक गोष्ट गळत गेली. शेवटी उरलेली परीक्षाही बंद झाली, आणि त्याची फारशी चर्चासुद्धा झाली नाही.

३/
पहिला दाखला दूरचा आहे, पण बोलका आहे. हंगेरीतील ग्यॉर या गावात दानिएल अरान्य नावाचे एक शाळाशिक्षक होते. १८९४ साली त्यांनी माध्यमिक शाळेतील मुलांसाठी गणिताचे एक मासिक सुरू केले. अंकात उदाहरणे छापायची, मुलांनी ती घरी बसून सोडवायची, टपालाने उत्तरे पाठवायची आणि उत्तम उत्तरे पुढच्या अंकात नावानिशी छापून यायची, असा क्रम. त्याच वर्षी शाळा संपवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथील इओत्वोश स्पर्धाही सुरू झाली.

४/
या स्पर्धेच्या विजेत्यांत विमानविद्येचे थिओडोर फॉन कारमान आणि भौतिकीचे एडवर्ड टेलर यांची नावे आहेत. पुढे या मासिकाचे संपादन बुडापेस्टच्या एका शाळेतील शिक्षक लास्लो राट्झ यांच्याकडे आले. जॉन फॉन नॉयमान हा त्यांचाच विद्यार्थी. त्याची असाधारण बुद्धी ओळखून विद्यापीठातील गणितज्ञांकडून त्याला शिकवले जावे, अशी व्यवस्था राट्झ यांनी करवली. हंगेरीच्या त्या पिढीबद्दल ‘चमत्कार’ हा शब्द सर्रास वापरला जातो. त्या चमत्कारामागे एक मासिक, एक स्पर्धा आणि काही शाळामास्तर होते.

५/
विसाव्या शतकाच्या मध्याला हे काम सरकारांनी आणि मोठ्या उद्योगांनी अंगावर घेतले. अमेरिकेत १९४२ साली वेस्टिंगहाउस कंपनीच्या पाठबळाने शालेय विद्यार्थ्यांसाठी विज्ञान प्रतिभाशोध सुरू झाला. १९५७ च्या स्पुटनिकनंतर तिथे विज्ञानशिक्षण हा राष्ट्रीय संरक्षणाचाच विषय बनला. सोव्हिएत संघात १९६३ साली गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांच्या पुढाकाराने मॉस्कोत गणित-भौतिकीची निवासी शाळा उघडली. दूरच्या गावांतून निवडून आणलेली मुले तिथे शिकू लागली. भारतातही याच सुमारास नव्या प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या, आणि त्यांना माणसे हवी होती.

६/
एनसीईआरटीची स्थापना १९६१ ची. १९६३ मध्ये दिल्लीपुरता प्रयोग झाला आणि १९६४ मध्ये योजना देशभर नेण्यात आली: ३५० शिष्यवृत्त्या, अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी. नाव ‘राष्ट्रीय विज्ञान प्रतिभाशोध’. निवडीचे टप्पे पाहण्यासारखे आहेत. वैज्ञानिक क्षमतेची चाचणी, दिलेल्या वैज्ञानिक विषयावर निबंध, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल, आणि यांतून निवडलेल्यांची मुलाखत. या चारही गोष्टींचे गुण मिळून निकाल लागत असे.

७/
या रचनेत एक विचार आहे. प्रकल्प करायचा म्हणजे प्रश्न स्वतः निवडायचा, उपकरण जमवायचे, चुकायचे आणि पुन्हा करून पाहायचे. निबंध लिहायचा म्हणजे विचार सलगपणे मांडायचा. मुलाखतीत ‘हे तू असे का केलेस?’ या प्रश्नाला समोरासमोर उत्तर द्यायचे. संशोधकाचे दैनंदिन काम याहून फार वेगळे नसते. संशोधक निवडायचा असेल तर त्याला संशोधनासारखे काहीतरी करायला लावावे, इतका साधा तर्क त्यामागे होता. मर्यादाही उघड होती: ज्या शाळेत प्रयोगशाळाच नाही, तिथल्या मुलाने प्रकल्प कुठे करावा?

८/
१९७६ साली योजना बदलली. देशात १०+२+३ ही नवी शिक्षणरचना येत होती. शिष्यवृत्त्या ५०० झाल्या आणि दहावी, अकरावी व बारावी या तिन्ही वर्गांना योजना खुली झाली. मूलभूत विज्ञानाची अट निघाली. अभियांत्रिकी, वैद्यक आणि सामाजिक शास्त्रांनाही जागा मिळाली. ‘विज्ञान’ हा शब्द नावातून गेला. प्रकल्प आणि निबंधही गेले. त्यांच्या जागी वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या दोन चाचण्या आल्या, एक बौद्धिक क्षमतेची आणि दुसरी शालेय विषयांची. मुलाखत तेवढी उरली. पुढे तीही वगळण्यात आली.

९/
या बदलाला निव्वळ दोष देणे अन्यायाचे होईल. हजारो निबंध आणि प्रकल्प तपासणे अवघड, त्यात परीक्षकाचा कल शिरण्याची भीती. वस्तुनिष्ठ चाचणी तुलनेने निःपक्षपाती आणि मोठ्या संख्येला पेलणारी. सामाजिक शास्त्रांचा समावेश तर इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला आनंदाचाच वाटतो. परंतु एक गोष्ट नकळत घडली. जी योजना मुलाला एका विशिष्ट वाटेवर नेण्यासाठी जन्मली, ती आता फक्त हुशारीचा शिक्का देऊ लागली. शिक्का घेऊन मूल कुठे जाते, हा प्रश्न तिच्या कक्षेतून सुटला.

१०/
तरीही पुढची चाळीसेक वर्षे या परीक्षेने मोठे काम केले. १९८३ मध्ये शिष्यवृत्त्यांची संख्या ७५० झाली. १९८५ पासून पहिली फेरी राज्यांकडे आली आणि परीक्षा जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. पुढे ही संख्या १०००, आणि शेवटी २००० झाली. महाराष्ट्रात ती मराठीतून देता येत असे. चौथी-सातवीची स्कॉलरशिप, मग दहावीला एनटीएस, हा क्रम अनेक मराठी शाळांत रुळला होता. जादा तास घेणारे शिक्षक, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा नावांचा फलक, हे त्या संस्कृतीचे भाग होते.

११/
नव्वदच्या दशकात वारे फिरले. अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान यांची ओढ इतकी वाढली, की मूलभूत विज्ञानाला विद्यार्थी मिळेनात अशी चिंता शास्त्रज्ञ बोलून दाखवू लागले. त्यातून १९९९ साली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ‘किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना’ सुरू केली. अकरावी, बारावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी परीक्षा, आणि विज्ञानाची पदवी घेणाऱ्यास दरमहा पाठ्यवृत्ती. १९६३ चा मूळ विचार छत्तीस वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आला, असे म्हणता येईल.

१२/
२००६ साली पुणे आणि कोलकाता येथे ‘आयसर’ या संस्था सुरू झाल्या. पुढे मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा, संशोधनाला जोडलेला अभ्यासक्रम. किशोर वैज्ञानिक योजनेतील यशस्वी विद्यार्थ्यांना इथे आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशाचे दार होते. म्हणजे शाळेत पारख, नंतर पाठ्यवृत्ती, आणि जायला संस्था. शिडीच्या पायऱ्या प्रथमच एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या.

१३/
आणि मग दोन वर्षांत दोन्ही पायऱ्या निघाल्या. एनटीएसईला असलेली मंजुरी ३१ मार्च २०२१ पर्यंतची होती; ती पुढे वाढली नाही आणि योजना थांबली. किशोर वैज्ञानिक योजनेची शेवटची परीक्षा मे २०२२ मध्ये झाली. त्यानंतर ती ‘इन्स्पायर’ या दुसऱ्या योजनेत विलीन झाल्याचे जाहीर झाले. मोर्चा निघाला नाही, अग्रलेखांची मालिका झाली नाही. कारण ज्यांचे नुकसान झाले ती मुले पंधरा वर्षांची होती, आणि आपल्याला काय मिळू शकले असते हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकच नव्हते.

१४/
पहिला आक्षेप: ‘या परीक्षा शेवटी शिकवणीवाल्यांच्याच हाती गेल्या होत्या. शहरी, सुस्थितीतल्या मुलांना आणखी एक पदक. गेल्या तर बिघडले काय?’ आक्षेपात तथ्य आहे. वस्तुनिष्ठ चाचणीची तयारी विकत घेता येते आणि ती विकत घेतली जात होती. पण यावरून निघणारा निष्कर्ष ‘निवडीची पद्धत सुधारा’ असा आहे. परीक्षा बंद केल्याने शिकवणीवर्गांचे काहीच अडले नाही. ते जेईई आणि नीटकडे आधीच वळले होते. अडले ते त्या मुलाचे, ज्याच्या शाळेतले एक सर स्वतःहून फॉर्म भरून घेत होते.

१५/
आणि सुधारणा कशी करायची याचे उत्तर मुंबईतच मिळालेले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. केंद्राच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये झाले. पुढे ऐंशीच्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिभा ‘शोध आणि संवर्धन’ असा उपक्रम चालवला. शब्दांकडे लक्ष द्यावे. शोधून थांबायचे नाही, वाढवायचे.

१६/
निवडलेल्या मुलांना शालान्त परीक्षेपर्यंत सातत्याने मार्गदर्शन मिळाले आणि त्यांची कामगिरी ठळकपणे उंचावली. संशोधकांच्या ध्यानात आलेला एक मोठा अडसर होता भाषेचा. पाठ्यपुस्तकातील जड, संस्कृतप्रचुर वाक्ये घरी कोणीच बोलत नाही अशा मुलांना विज्ञान कळण्याआधी भाषाच अडवत होती. ती सोपी करताच आकलन सुधारले. ‘या वस्तीतल्या मुलांना विज्ञान झेपत नाही’ या सोयीस्कर समजुतीला हे चोख उत्तर होते. (या धाग्याची भाषाही जडच आहे, हे मला दिसते आहे, पण हा धागा पाठ्यपुस्तक नव्हे.)

१७/
भाषेचा मुद्दा आजही तितकाच धारदार आहे. नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा आज मराठीतून देता येतात, आणि ते योग्यच आहे. पण आयसरची प्रवेश परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत होते. एनटीएसई गेल्यानंतर मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलीला आपल्या भाषेतून वैद्यक आणि अभियांत्रिकीची दारे ठोठावता येतात. मूलभूत विज्ञानाच्या या दारावर मात्र तिची भाषा चालत नाही. ही विसंगती कोणी ठरवून केली नसेल. ती दूर मात्र ठरवूनच करावी लागेल.

१८/
दुसरा आक्षेप: ‘इन्स्पायर आहे ना?’ आहे, आणि ती चांगली योजना आहे. २००८ च्या अखेरीस ती सुरू झाली. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेणारे विद्यार्थी वार्षिक ८०,००० रुपयांच्या शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरतात. अडचण वेळेची आहे. ही पायरी प्रामुख्याने बारावीनंतर लागते, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत निर्णय दहावीच्या निकालाच्या आठवड्यात होतो.

१९/
तो आठवडा आपल्या परिचयाचा आहे. कनिष्ठ महाविद्यालय आणि शिकवणी यांचे ‘इंटिग्रेटेड’ पॅकेज, दोन वर्षांची फी, नीट की जेईई एवढाच प्रश्न. लातूर पॅटर्नच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. साध्या घरांतली कितीतरी मुले त्यातून डॉक्टर झाली. पण तो पॅटर्न यशस्वी झाला कारण ती वाट स्पष्ट होती: कुठे राहायचे, काय वाचायचे, शेवटी काय मिळेल, हे सर्व ठाऊक. शास्त्रज्ञ होण्याची वाट त्या वयात तितकीच स्पष्ट दाखवणारे कोण आहे?

२०/
एनटीएसईची रक्कम शेवटी अकरावी-बारावीसाठी दरमहा १२५० रुपये आणि पदवीपासून २००० रुपये इतकीच होती. एवढ्यात शहरातली खोलीही मिळत नाही. मग तिचे मोल कशात होते? घरातल्या वादात. ‘बी.एस्सी. करून काय करणार?’ या प्रश्नासमोर पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती सरकारी शिक्क्याचे एक पत्र असे. ‘तुमच्या मुलीत काहीतरी आहे आणि आम्ही सोबत आहोत’ असा त्याचा अर्थ. आईवडिलांशी ज्या भाषेत बोलता येते, त्या भाषेतला तो युक्तिवाद होता.

२१/
आता इतिहासाचा एक विशेष पाहा. सरकारी योजना मंजुरीची तारीख संपताच थांबली. शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी चालवलेले उपक्रम टिकले. बृहन्मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची सहावी आणि नववीसाठीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आजही लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे ठेवून चालते. १९६४ चीच जणू आठवण. ऑलिंपियाडच्या विज्ञान विषयांची पहिली फेरी भौतिकी शिक्षकांची संघटना घेते. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान शाळकरी मुलांना गणित शिकवत आले आहे.

२२/
पण शिक्षकांच्या बळालाही मर्यादा आहे. ते पारख करतील, सोबत देतील. डॉक्टरेटपर्यंतचा पैसा देऊ शकणार नाहीत. शिवाय हे उपक्रम जिथे आहेत तिथे, म्हणजे बहुतांशी मुंबई-पुण्याच्या आसपास, दाट आहेत. ते गडचिरोली आणि नंदुरबारपर्यंत नेण्याची ताकद शासनाकडेच आहे. म्हणून ‘एनटीएसई जशी होती तशी परत आणा’ अशी माझी मागणी नाही. माझ्या तीन मागण्या आहेत.

२३/
एक: दहावीच्या टप्प्यावर, मराठीसह सर्व भारतीय भाषांतून होणारी निवड, आणि तिच्यात प्रकल्प व मुलाखत यांना पुन्हा स्थान. प्रयोगशाळा नसलेल्या शाळांसाठी जवळचे महाविद्यालय प्रकल्पाकरिता खुले करावे.
दोन: निवड झालेल्यास त्या वाटेवर टिकेपर्यंत, डॉक्टरेटपर्यंत, पुरेशा पैशाची लेखी हमी.
तीन: प्रत्येकासाठी एक मार्गदर्शक. महाविद्यालयातील प्राध्यापक, निवृत्त शास्त्रज्ञ, कोणीही. महिन्यातून एकदा बोलणारे माणूस हवे.
यातले काहीही नवे नाही. दोन गोष्टी १९६४ मध्ये देशभर केल्या गेल्या होत्या आणि तिसरी ऐंशीच्या दशकात मुंबईत.

२४/
योजना येईल तेव्हा येईल. दहावी-बारावीतली मुले थांबू शकत नाहीत. म्हणून आज उघडी असलेली दारे नोंदवून ठेवतो. आयसरसाठी आयएटी. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील मूलभूत विज्ञान केंद्र यांसाठी नेस्ट. गणित व संख्याशास्त्रासाठी भारतीय सांख्यिकी संस्था, आणि चेन्नई गणित संस्था. गणित ऑलिंपियाडची पहिली फेरी आठवीपासून देता येते. तारखा दरवर्षी बदलतात, त्या संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळांवरच पाहाव्यात. पुण्यात असाल तर आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिका मुलांना जरूर दाखवा.

२५/
शिक्षकमित्रांना एक विनंती. तुमच्या वर्गात एखादी मुलगी उत्तर आल्यावरही ‘पण सर, असे का?’ विचारत असेल, तर ही यादी तिच्या पालकांच्या हाती द्या, आणि शक्य झाल्यास त्यांच्याशी अर्धा तास बोला. ग्यॉरच्या त्या मास्तरांकडे याहून फार मोठे साधन नव्हते.
आणि तुमच्यापैकी कोणी जुन्या विज्ञान प्रतिभाशोधाचे, एनटीएसचे किंवा किशोर वैज्ञानिक योजनेचे विद्यार्थी असाल, तर तुम्ही काय प्रकल्प केला होता, मुलाखतीत काय विचारले गेले, पुढे काय झाले, हे खाली अवश्य लिहा. या योजनांचा इतिहास आदेशांमध्ये थोडा आहे. उरलेला तुमच्यापाशी आहे.

#म #मराठी #इतिहास #विज्ञानशिक्षण